ताण तुटल्यानंतरची रात्र

वरूड-मोर्शीकडे संत्र्याचं एखादं जुनं झाड डिंक्याने वाळलं आणि मालकाने ते वेळेत उपटलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच्या बुडाशी हिरवीगार, काटेरी फूट दिसते. परक्या माणसाला वाटतं, झाड पुन्हा जिवंत झालं. मालकाला ठाऊक असतं की संत्रं गेलं ते गेलंच. वर आला आहे तो जंभेरीचा खुंट. शेंदूरजनाघाटच्या एखाद्या रोपवाटिकेत कधी काळी जंभेरीच्या पन्हेरीवर संत्र्याचा डोळा बांधला होता. डोळा जिवंत होता तोवर मुळं जंभेरीची आणि फळं संत्र्याची, असा संसार चालला. डोळा मेला, तशी मुळं स्वतःच्या नावाने फुटली.

चीनमध्ये याच्या जवळची एक फार जुनी कथा आहे. छी राज्याचा मुत्सद्दी यान यिंग हा छूच्या राजाकडे वकील म्हणून गेला. राजाने त्याचा पाणउतारा करायचं ठरवलं होतं. जेवणाच्या वेळी एक चोर बांधून समोर आणला आणि हा छी राज्याचा माणूस आहे असं सांगून, तुमच्याकडचे लोक चोर असतात का, असं विचारलं. यान यिंगने संत्र्याचा दाखला दिला. ह्वाय नदीच्या दक्षिणेला जे गोड संत्रं असतं, तेच उत्तरेला लावलं की कडवट, काटेरी होतं. पानं तेवढी सारखी दिसतात. दोष फळाचा नाही, माती-पाण्याचा. आमच्याकडे हा माणूस चोर नव्हता, तुमच्या राज्यात येऊन झाला.

मुत्सद्द्याचं उत्तर म्हणून ते अप्रतिमच आहे. पण वनस्पतीच्या बाजूने पाहिलं तर ह्वायच्या उत्तरेला जे काटेरी झाड उगवतं, ते बिघडलेलं संत्रं नाहीच. ते वेगळ्याच जातीचं झाड आहे. त्याची पानं बेलासारखी तीन-तीन दळांची, काटे बोटभर लांब, फळ लिंबाएवढं, वर बारीक लव आणि आत कडू रस. हिवाळ्यात ते सगळी पानं गाळून टाकतं आणि उणे २० अंशांच्या आसपासची थंडीही काढतं. आपला बेल आणि हे झाड एकाच कुळातले, संत्रंही त्याच कुळातलं. शास्त्रात त्याला पॉन्सिरस ट्रायफोलिएटा म्हणतात. आपण त्याला त्रिदळी म्हणू. पुढे चीन-जपानमध्ये याच त्रिदळीवर संत्र्याची कलमं होऊ लागली, तेव्हा यान यिंगची कथा बागेत डोळ्यांदेखत घडू लागली. कडक हिवाळ्यात वरचं संत्रं मरायचं आणि खालून तीन पानांची फूट यायची.

ह्वाय नदी साधारण ३३ अंश उत्तर अक्षांशावरून वाहते, आणि जानेवारीचं सरासरी तापमान शून्यावर येतं ती रेषा तिच्याच जवळून जाते. म्हणजे कथा सांगणाऱ्यांनी सीमा अचूक ओळखली होती, कारण मात्र वेगळं लावलं. जागा बदलली की झाडाचा स्वभाव बदलतो, ही समजूत पुढे दोन हजार वर्षं जगभर टिकली. तिच्यातूनच दुसरी, फार मोहक आशा निघाली. गरम मुलखातलं झाड थोडं थोडं करून थंडीकडे सरकवत नेलं, पिढ्यान्‌पिढ्या त्याला सवय लावली, तर ते थंडी शिकेल. या आशेवर माणसांनी आयुष्यं घालवली, गावं वसवली, एका देशाने तर तिला सरकारी धोरणच केलं.

फ्लोरिडात संत्रं स्पॅनिश लोकांनी नेलं, सोळाव्या शतकात. बिया जंगलात पसरल्या, आणि सेंट जॉन्स नदीच्या काठाने आंबट नारिंगाची रानं उभी राहिली. नंतरच्या वसाहतकऱ्यांनी ही रानटी झाडं वरून छाटून त्यांवर गोड संत्र्याचे डोळे भरले आणि आयत्या मुळांवर बागा तयार केल्या. १८३५च्या फेब्रुवारीत एक भयंकर थंडी येऊन गेली होती. सेंट ऑगस्टिनच्या बागा तिने संपवल्या; मेरिट बेटावरची डमिट यांची बाग मात्र दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उबेने वाचली आणि तिच्याच डोळकाड्यांवर पुढच्या कित्येक बागा उभ्या राहिल्या. १८८६च्या जानेवारीत पुन्हा तडाखा बसला. पण यादवी युद्धानंतर रेल्वे आली होती, उत्तरेकडची शहरं हिवाळ्यात संत्र्याला चढा भाव देत होती, आणि बर्फाला कंटाळलेली माणसं पाच-दहा एकर घेऊन स्थायिक होत होती. गाड्या सुटत होत्या तिथून जितकं जवळ, तितका नफा जास्त. त्यामुळे बागा उत्तरेकडेच दाट झाल्या, जिथे त्या असायला नको होत्या तिथे. एवढी हिरवी बाग दोन हंगाम टिकली की माणूस धोका विसरतो, हे मी विदर्भातही पाहतो; फ्लोरिडातल्या त्या शेतकऱ्यांना दोष देण्याचं धाडस मला होत नाही. १८९३-९४च्या हंगामात फ्लोरिडातून पन्नास लाखांहून अधिक पेट्या बाहेर पडल्या.

१८९४च्या डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेचा वारा सुटला. २९ तारखेला ऑरलँडोला पारा जवळपास उणे ८ अंश सेल्सियसवर उतरला. संत्र्याचं फळ उणे २च्या खाली चार-पाच तास राहिलं की आतून गोठतं, आणि तेव्हा निम्म्याहून जास्त माल झाडावरच होता. सकाळी फळं दगडासारखी टणक झाली होती. ऊन चढल्यावर ती मऊ पडली आणि पुढच्या काही दिवसांत खाली गळून पडली. पानं करपली. पण खोडं शाबूत होती, फांद्या जिवंत होत्या. हंगाम गेला, बाग राहिली, असं म्हणून लोक सावरले.

इथून पुढचं विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण सगळी गोष्ट याच जेमतेम सहा आठवड्यांत आहे.

आपण आंबिया बहार घेतो तेव्हा काय करतो? डिसेंबरात थंडी पडते, आपण पाणी तोडतो. झाड विश्रांती घेतं. वाढ थांबते, पानं थोडी मलूल होतात. जानेवारीत ताण तोडायचा, म्हणजे पाणी द्यायचं; झाड जागं होतं, नवी पालवी आणि फुलं एकदम येतात. हा ताण म्हणजे झाडाची झोप. झोपलेल्या झाडाच्या पेशींमध्ये साखर वाढलेली असते, पेशीरस दाट झालेला असतो, पेशींचं आवरण चिवट झालेलं असतं. थंडी पडली तर बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या पोकळीत धरतो आणि आतलं पाणी हळूहळू ओढून घेतो. तयारीत असलेली पेशी तेवढं सोसते. कोवळी, पाण्याने भरलेली पेशी सोसत नाही. तिचं आवरण फाटतं आणि वितळताना ती संपते. म्हणूनच तेच झाड, तीच थंडी, पण एका आठवड्यात जगतं आणि दुसऱ्या आठवड्यात मरतं.

१८९५चा जानेवारी फ्लोरिडात उबदार निघाला, पाऊसही झाला. पानं गळालेल्या झाडांचा ताण निसर्गानेच तोडला. सालीखाली रस चढला, फांद्या-फांद्यांवर कोवळी, पोपटी पालवी आली. शेतकऱ्यांनी ती पाहून सुटकेचा श्वास टाकला असेल. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाडं अगदी जागी, अगदी बेसावध होती.

७ फेब्रुवारीला वारा पुन्हा उत्तरेचा झाला. लोकांनी बागेत पाइनच्या लाकडांचे ढीग पेटवले. आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, धूर केला जातो, ठिबक सोडलं जातं. ते उपाय अशा रात्री चालतात जेव्हा वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असतं आणि जमिनीलगतची हवाच तेवढी गार झालेली असते; वर थोडी उबदार हवा असते, शेकोटीने ती खाली खेळते. फ्लोरिडातली ती थंडी तशी नव्हती. ध्रुवाकडची हवा वाऱ्याबरोबर अख्ख्या राज्यावर चालून आली होती. शेकोटीची ऊब वारा घेऊन जात होता आणि मागून येणारी हवाही तितकीच गार होती.

त्या रात्री झाडांमध्ये चढलेला रस गोठला आणि फुगला. साल उभी चिरली. बागांमधून पिस्तूल झाडल्यासारखे आवाज येत होते, असं त्या पिढीतले लोक सांगत राहिले. मला ही रात्र वाचताना नेहमी हाच आवाज ऐकू येतो. गारपीट झाली तर आवाज वरून येतो, माणूस आकाशाकडे पाहतो. इथे आवाज झाडाच्या आतून येत होता, एकामागून एक, आणि मालक कंदील घेऊन ऐकण्यापलीकडे काही करू शकत नव्हता.

पुढच्या हंगामात सगळ्या फ्लोरिडातून दीड लाखाहून कमी पेट्या निघाल्या. पन्नास लाखांवरून दीड लाखाच्या आत. दहा लाखांचा टप्पा पुन्हा गाठायला १९०१ उजाडलं. जमिनीचे भाव कोसळले, बँका बुडाल्या. घरं जशीच्या तशी टाकून, टेबलावरची भांडीही न उचलता कुटुंबं निघून गेल्याच्या हकिकती तिथल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. जे राहिले ते दक्षिणेकडे, तळी आणि टेकड्यांच्या मुलखात सरकले. मायामीच्या ज्युलिया टटल यांनी रेल्वेमालक हेन्री फ्लॅगलर यांना संत्र्याची न करपलेली फुलं पाठवली आणि त्यावरून त्यांनी रेल्वे मायामीपर्यंत नेली, अशी आख्यायिका आहे. फुलांचं खरं-खोटं बाजूला ठेवू. रेल्वे मायामीला १८९६च्या एप्रिलमध्ये पोचली आणि शहर त्याच वर्षी वसलं, हे खरं.

मागे राहिलेल्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली. ज्यांनी शरदात झाडाच्या बुडाशी मातीची भर लावली होती, डोळा भरलेल्या जागेच्या वर हात-दोन हात, त्यांचं वरचं झाड गेलं तरी मातीखालचं खोड जिवंत राहिलं. वसंतात भर काढली की संत्र्याचीच फूट आली. ज्यांनी भर लावली नव्हती त्यांच्याकडे आंबट नारिंगाचा खुंट फुटला. यानंतर कित्येक वर्षं फ्लोरिडात दर हिवाळ्याआधी फावड्याने भर लावणं आणि वसंतात ती काढणं हा बागेचा नेम झाला. हजारो झाडांना हाताने माती चढवायची आणि हाताने उतरवायची. न उतरवली तर सालीला बुरशी लागते, म्हणून तेही वेळेतच करायचं.

त्याच काळात यूस्टिस या गावात अमेरिकेच्या कृषी खात्याचे दोन तरुण शास्त्रज्ञ राहत होते, वॉल्टर स्विंगल आणि हर्बर्ट वेबर. स्विंगल तेव्हा चोवीस वर्षांचा होता. संत्र्याचे रोग तपासायला आलेल्या या दोघांसमोर तपासायला झाडंच उरली नाहीत. त्यांनी विचार उलटा केला. संत्र्याला थंडी शिकवत बसायचं नाही. ज्याला थंडी जन्मापासून येते त्याच्याशी त्याची सोयरीक करायची. १८९७मध्ये गोड संत्र्याच्या फुलावर त्रिदळीचे पराग टाकण्याचे संकर झाले. त्यातून जी झाडं आली त्यांना त्यांनी सिट्रेंज असं नाव दिलं.

झाडं खरोखर काटक निघाली. पानं तीन दळांची, थंडी बापाची घेतलेली. पण फळात बापाचा कडवटपणाही आला. त्याचं सरबत होतं, मुरंबा होतो, पण सोलून खाता येत नाही. काटकपणा आणि गोडी एका फळात आणायचं स्विंगलचं स्वप्न त्याच्या हयातीत पुरं झालं नाही. १९५२मध्ये तो वारला. पण तोवर ट्रिस्टेझा नावाच्या विषाणूने ब्राझील, अर्जेंटिना आणि कॅलिफोर्नियात आंबट नारिंगाच्या खुंटावरच्या लाखो झाडांचा बळी घेतला होता, आणि त्या विषाणूला दाद न देणारा खुंट शोधताना लोकांच्या हाती हेच बाजूला पडलेले सिट्रेंज लागले. ट्रॉयर आणि कॅरिझो ही दोन नावं आज स्पेनपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या रोपवाटिकांमध्ये रोजच्या बोलण्यात आहेत. फळ म्हणून नापास झालेलं झाड मूळ म्हणून जगभर पसरलं.

आणि त्रिदळीच्या मुळाचा सगळ्यात मोठा गुण जपानी बागायतदारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला होता. त्यांचं उन्शू संत्रं, ज्याला अमेरिकेत सात्सुमा म्हणतात, ते त्रिदळीवरच बांधलेलं असे. त्रिदळी हिवाळ्याआधी लवकर झोपतं आणि आपल्यावरच्या संत्र्यालाही लवकर झोपवतं. डोळ्याची जात बदलत नाही. झोपेची वेळ बदलते. १८९५च्या फेब्रुवारीत झाडांना हवं होतं ते नेमकं हेच. १८७८मध्ये जपानमधल्या माजी अमेरिकन वकिलाच्या पत्नीने, श्रीमती व्हॅन व्हॅल्कनबर्ग यांनी, ही झाडं फ्लोरिडाला पाठवली होती आणि प्रांताच्या नावावरून त्यांना सात्सुमा म्हटलं जाऊ लागलं. उत्तर नजरेसमोर होतं, पण बाजाराला मोठी, रसदार, पेटीत टिकणारी फळं हवी होती.

फ्लोरिडातल्या एका माणसाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ल्यू गिम गाँग हा दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंगचा मुलगा. लहानपणीच अमेरिकेत आला, मॅसॅच्युसेट्समध्ये बुटांच्या कारखान्यात राबला, क्षय झाला, आणि १८८०च्या दशकात उबेसाठी फ्लोरिडातल्या डीलँडला आला. १८८८मध्ये त्याने दोन संत्र्यांचा संकर केला, आणि त्यातून निवडलेल्या झाडाची फळं झाडावर फार काळ टिकत. १९११मध्ये अमेरिकन पोमॉलॉजिकल सोसायटीने त्याला वाइल्डर पदक दिलं. पुढे अभ्यासात दिसलं की ते झाड बहुधा संकर नव्हतंच. संत्र्याच्या एका बीत बापाशिवाय, आईच्याच पेशीपासून तयार झालेले गर्भही असतात, आणि त्याचं झाड त्यातूनच आलेलं व्हॅलेन्सिया होतं. जंभेरीच्या पन्हेरीत सारखी रोपं निवडताना आपले रोपवाटिकाधारक याच गुणावर विसंबतात. ल्यूची नजर चुकली नव्हती. हजारातून एक झाड ओळखणं हेच त्याचं काम होतं. चिनी माणसांवर कायद्याने दारं बंद करणाऱ्या त्या काळात तो एकटा, कर्जात, आपल्या झाडांपाशी राहिला आणि १९२५मध्ये गेला.

आता काळ्या समुद्राकडे. १८९५ साली, फ्लोरिडाच्या बागा वाळत होत्या त्याच वर्षी, रशियाच्या झारच्या जमिनींसाठी चहा आणि उष्ण मुलखातली झाडं शोधायला एक पथक भारत, सिलोन, चीन आणि जपानला निघालं. पथकात आंद्रेय क्रास्नोव नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. समुद्र आणि कॉकेशसच्या डोंगरांमधली बाटुमीजवळची ओली पट्टी त्याने हेरली आणि १९१२मध्ये तिथे वनस्पती उद्यान सुरू केलं. बाटुमी ४१ अंशांच्या वर आहे. नागपूर २१वर. एवढ्या उत्तरेला जपानी उन्शू संत्री त्रिदळीच्या मुळांवर जगू लागली. डोंगर उत्तरेचा वारा अडवतात, समुद्र रात्री ऊब देतो. उरलेलं काम खुंट करतो.

रशियाच्या आतल्या भागात तर त्याआधीच एक शांत प्रयोग चालला होता. ओका नदीकाठच्या पावलोवो गावात १८६०च्या सुमारास इव्हान कराचिस्तोव नावाच्या व्यापाऱ्याने तुर्कस्तानातून लिंबाची रोपं आणली, असं तिथे सांगतात. पावलोवो कुलपं आणि सुऱ्या करणाऱ्या लोहारांचं गाव. घरं लाकडी, बुटकी, आत भट्टीची ऊब, आणि खिडकीबाहेर पाच महिने बर्फ. लोकांनी खिडकीच्या कट्ट्यावर कुंडीत लिंबू लावलं. फांदीचा वीतभर तुकडा तोडून ओल्या मातीत खोचला की मूळ धरतं. शेजारणीकडून शेजारणीकडे अशा काड्या गेल्या. कमी उजेडात, कोरड्या हवेत जे झाड फळलं त्याचीच काडी पुढे गेली. सगळ्या गावाच्या खिडक्यांत पिवळी लिंबं आणि काचेवर हिमाची नक्षी. गावाने पुढे लिंबाचं स्मारकही उभारलं आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत यशस्वी प्रयोग हाच, कारण इथे कुणी झाडाला थंडीत उभं केलं नाही. त्याला घरात घेतलं.

कोझ्लोवच्या बागायतदार इव्हान मिचुरिनचं नाव सोव्हिएत शाळांत प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. तरुणपणी तोही जुन्या आशेचा वारकरी होता. दक्षिणेकडच्या नाजूक सफरचंद-नासपतींच्या काड्या उत्तरेकडच्या काटक खुंटांवर बांधायच्या. मुळांचा काटकपणा हळूहळू वर चढेल आणि झाड हवामानाला रुळेल. त्याने यावर वर्षंच्या वर्षं आणि सगळा पैसा घातला. कडक हिवाळे आले आणि ती झाडं मेली. मग त्याने ती पद्धत टाकून दिली आणि दूरदूरच्या जातींचे संकर करून बियांतून निवड सुरू केली. त्याच्या आयुष्यातला हा प्रामाणिक क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९३५मध्ये तो गेला. त्यानंतर त्याच्याच नावाने कृषिशास्त्रज्ञ ट्रोफिम लायसेंकोने नेमकं ते पुन्हा मांडलं, जे मिचुरिनने हरून सोडलं होतं: झाडाला हवं तसं वाढवून त्याचा स्वभाव बदलता येतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. बियाण्यांचा त्या काळचा जगातला सर्वांत मोठा संग्रह उभारणारे निकोलाय वाविलोव या मताच्या विरोधात उभे राहिले. १९४०मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४३च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात ते वारले.

संत्री-लिंबं उत्तरेकडे सरकवण्याची सोव्हिएत मोहीम मात्र जोरात चालू राहिली. तिच्यातून एक गोष्ट खरोखर टिकली, आणि ती सिद्धांतातून आलेली नव्हती, फावड्यातून आली होती. पुरुषभर खोल चर खणायचे. चराच्या तळाशी लिंबाची झाडं लावायची, फांद्या आडव्या पसरवायच्या. हिवाळ्यात चरावर काचेच्या चौकटी ठेवायच्या, फार थंडी पडली तर वर गवताच्या चटया. जमीन दीड-दोन मीटर खाली उन्हाळ्याची ऊब हिवाळाभर धरून ठेवते; वर गोठलं असलं तरी चरात शून्याच्या वर राहतं. तापमान इतकं कमी ठेवलं की झाड झोपलेलं राहतं, आणि झोपलेल्या झाडाला काही दिवस जवळजवळ अंधारही चालतो. १९४९-५०च्या हिवाळ्याने काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जियाच्या उघड्या बागांची फार हानी केली, पण चराची रीत मध्य आशियात रुजली. ताश्कंदला झैनुद्दीन फख्रुद्दीनोव यांनी लिंबाची तिथली जात निवडली, आणि ताजिकिस्तानातल्या वख्श खोऱ्यात आजही चरांमध्ये लिंबं पिकतात. ही पातळ सालीची, जवळजवळ नारिंगी लिंबं मेयर लिंबाच्या गोतातली. ते मेयर लिंबू फ्रँक मेयर या भटक्या वनस्पतिसंग्राहकाने १९०८मध्ये चीनमधून अमेरिकेला पाठवलं होतं. चीनमध्ये ते कुंडीत, घराच्या शोभेसाठी लावत.

फ्लोरिडात पुन्हा १८९५सारख्या थंडीचा काळ आला. १९८३चा डिसेंबर, १९८५चा जानेवारी, १९८९चा डिसेंबर. क्लेरमाँट गावात १९५६मध्ये एक उंच मनोरा बांधला होता, सिट्रस टॉवर. वर चढलं की क्षितिजापर्यंत संत्र्याच्या बागा दिसत. तीन थंड्यांनंतर बागा गेल्या. मनोरा आहे. वरून आता घरांची छपरं दिसतात.

पण याच दशकात बुडाशी मातीची भर लावण्याच्या जागी दुसरी युक्ती आली. झाडाच्या बुंध्याशी छोटा सूक्ष्म फवारा बसवायचा आणि थंडीच्या रात्री तो चालू ठेवायचा. पाणी गोठताना आपली ऊब सोडतं. जोवर नवं पाणी गोठत राहतं तोवर खोडाभोवतीचा बर्फ शून्याच्या आसपासच राहतो, बाहेर उणे ६ असलं तरी. म्हणजे झाडाला बर्फानेच राखायचं. पंप मध्येच बंद पडला तर मात्र उलटं होतं, वाऱ्यात ते पाणी उडताना खोडाची ऊब घेऊन जातं. म्हणून अशा रात्री माणसं पंपापाशीच जागतात.

२००५मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या बागांत ग्रीनिंग रोग सापडला आणि पुढच्या वर्षांत त्याने तिथलं संत्रं मोडून काढलं. आता बागा पुन्हा उत्तरेला चालल्या आहेत, १८९५ला जिथून पळाल्या होत्या त्याच बाजूला आणि त्याही वर, जॉर्जिया राज्याच्या दक्षिण भागात. लावतात ते सात्सुमा. बहुतेक ठिकाणी ते त्रिदळीच्या किंवा त्याच्या संकराच्या मुळांवर बांधलेलं असतं. फळ नोव्हेंबर-डिसेंबरात उतरवून होतं, मोठी थंडी यायच्या आत. मग झाड झोपतं. बुंध्याशी फवारा असतो. वसंतात बागेतून फिरताना मालक वाकून बुडाशी पाहतो, आणि डोळ्याच्या खाली तीन पानांची काटेरी फूट दिसली की अंगठ्याने खुडून टाकतो.